पाठ दाखव!

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. वेळेअभावी गाळलेला थोडा भाग स्मरणिकेसाठी पुन्हा घातला आहे.)



आत्ता माझी ओळख करून देताना 'अमेरिकेत मोटारींच्या क्षेत्रात मोठं काम' असं म्हटलं गेलं. तेवढं काही खरं नाही. डेट्रॉइटजवळच्या एका कारखान्यात मी सीटचे सांगाडे तपासतो. सांगाडा सीटच्या कापडाखाली असतो, त्यामुळे माझं काम कुणाला दिसत नाही. दिसतं ते फक्त छंदात. मला दहा मिनिटं दिली आहेत आणि छंदावर बोलायला सांगितलं आहे, म्हणून बोलतो.

माझ्याकडे एक जुनी गाडी आहे. दोनच सीट, कापडी छत, 1990च्या दशकातली, लाल. कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच जाहिरात नको. दर ऑक्टोबरात, थंडी पडायच्या आधी, मी तिला धुतो, पॉलिश करतो, मेण लावतो. शनिवार-रविवार त्यात जातात. घरात या दोन दिवसांना 'गाडीचं नवरात्र' म्हणतात.

यात वेड आहे, पण अगदीच वेडेपणा नाही. आपल्या कोकणात मे महिन्याच्या शेवटी काय चालायचं ते आठवा. कौलं चाळायची, झड्या बांधायच्या, लाकडं पडवीत रचायची. आमचे दादा माझ्या सायकलच्या चेनला आणि स्पोकना जळकं ऑइल चोपडायचे आणि वर सांगायचे, "आता चार महिने हिला बघायला कुणाला वेळ नाही." मिशिगनमध्ये बेगमी करायची ती हिवाळ्याची, आणि तिथे गाडीचा शत्रू बर्फ नव्हे, मीठ.

डेट्रॉइट शहराच्या पोटात, हजार फुटांहून खोल, मिठाची खाण आहे. हे मीठ हिवाळ्यात रस्त्यांवर पसरतात. साधं पाणी 0 अंशाला गोठतं, मीठ मिसळलं की त्याहून खाली जाऊन गोठतं. त्यामुळे उणे आठ-नऊ अंशांपर्यंत रस्ता मोकळा राहतो आणि माणसं वाचतात. पण ते खारं पाणी चाकांनी उडून गाडीच्या पोटाला चिकटतं. लोखंड गंजायला ओलावा आणि हवा पुरते, मीठ तो गंज पळवत नेतं. हे तुम्हाला नवं नाही. समुद्राकडच्या खिडकीचे गज आधी का सडतात, हे आपल्या शाळेच्या इमारतीनंच आपल्याला शिकवलं आहे.

तर माझी पद्धत. आधी चाकं धुवायची, कारण सगळ्यात जास्त घाण तिथे. मग वरून खाली पाण्याची धार, सुटी धूळ जाऊ द्यायची. मग दोन बादल्या, एक शाम्पूची, एक साध्या पाण्याची. हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळबळायचा, मग पुन्हा शाम्पूत. एकच बादली वापरली तर काढलेली वाळू पुन्हा रंगावरच घासली जाते. भांड्यांचा साबण वापरायचा नाही, तो तेलाबरोबर जुनं मेणही धुऊन नेतो.

गाडी कोरडी झाली की पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून रंगावरून बोटं फिरवायची. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटलेला पत्रा पिशवीतून खरखरीत लागतो. ते रंगात रुतलेले धुळीचे, लोखंडाचे कण. ते काढायला चिकणमातीसारखी एक वडी मिळते. रंगावर ओलावा ठेवून ती हलक्या हाताने फिरवायची. वडी जमिनीवर पडली तर सरळ फेकून द्यायची, कारण खडे तिच्यात रुततात.

मग पॉलिश. इथे बरेच जण चुकतात. पॉलिश आणि मेण एक नव्हे. पॉलिश रंगावरचा पारदर्शक थर किंचित घासून काढतं, म्हणून ओरखडे दिसेनासे होतात. तो थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, आपल्या केसापेक्षाही बारीक. तो काही परत उगवत नाही. म्हणून पॉलिश लागेल तिथेच आणि लागेल तेव्हाच. मेण मात्र वर चढतं. ब्राझीलमध्ये कार्नोबा नावाचा ताड आहे, त्याच्या पानांवरून ते निघतं. सावलीत, गार पत्र्यावर, अगदी पातळ हात. धुरकट दिसू लागलं की मऊ कापडानं पुसायचं. जाड लावलं म्हणून जास्त टिकत नाही, फक्त पुसताना खांदे भरून येतात. चांगलं मेणही दोन-अडीच महिने टिकलं तर नशीब. पूर्ण हिवाळा काढायचा तर कृत्रिम सीलंट बरं.

पहिली चार वर्षं मी हे सगळं मन लावून केलं. पाणी टाकलं की मोत्यासारखे थेंब उभे राहायचे. शेजारी थांबून बघायचे. मी फोटो काढून आपल्या ग्रुपवर टाकायचो आणि तुम्ही सगळे अंगठे पाठवायचात.

आता जे सांगायला उभा राहिलो ते सांगतो.

पाचव्या वर्षी ऑक्टोबरातल्या एका रविवारी मेण लावून झालं आणि मी मुलीला घेऊन निघालो. ती नऊ वर्षांची होती. तिकडे त्या दिवसांत सफरचंदांच्या बागांवर ताजा रस आणि गरम डोनट मिळतात, पोरं वर्षभर वाट बघतात. छत उघडं, झाडं लाल-पिवळी, गाडी आरशासारखी. परत येताना उतारावर सिग्नल लाल झाला. मी ब्रेक दाबला आणि पेडल पायाखाली मऊ होत होत तळाशी गेलं.

ब्रेकच्या तेलाच्या दोन वेगळ्या वाटा असतात. एक फुटली तरी दुसरी थोडं धरते. ती धरत होती, पण पुरत नव्हती. हँडब्रेक ओढला, गिअर खाली टाकला. गाडी चौकात अर्धी शिरून थांबली. पुढून एक ट्रक भोंगा वाजवत गेला. त्याच्या वाऱ्यानं मुलीच्या हातातली कागदी पिशवी उडाली. तिला वाटलं बाबांनी गंमत केली. ती हसत होती. मला हात स्टीअरिंगवरून काढता येत नव्हता.

गॅरेजमध्ये गाडी वर उचलली. मागच्या चाकांकडे जाणारी ब्रेकची नळी, पेन्सिलीपेक्षाही बारीक लोखंडी नळी, एका जागी चिमटीत धरली तर पापुद्रे सुटत होते. दोष कुणाचा म्हणाल, तर आधीच्या मालकानं गाडी हिवाळ्यात चालवली होती आणि मी पाच वर्षांत एकदाही खाली वाकून बघितलं नव्हतं. एवढ्यावर संपलं नाही. कापडी छतावरचं पाणी सीटमागच्या नळ्यांतून खाली उतरतं आणि दारांच्या खालच्या भागातून बाहेर पडतं. त्या नळ्या पानांच्या कचऱ्यानं बुजल्या होत्या. पाणी दाराखालच्या पोकळ पेटीत साचत होतं आणि ती आतून कुजत होती. मिस्त्रीनं स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तो आत गेला. वर मी मेण लावलेलं होतंच. तो म्हणाला, "मेण फार सुंदर लावलंय."

त्या क्षणी मला मिशिगन दिसत नव्हतं. मला आपलं वर्कशॉप दिसत होतं. पत्र्याची शेड, ओळीनं लावलेले व्हाइस आणि कानशींचा आवाज.

टेक्निकलच्या मुलांना आठवत असेल. नववीत लोखंडी पट्टी कानशीनं सपाट करून काटकोनात आणायची होती. एका मुलानं कंटाळून फक्त वरची बाजू केली आणि एमरी पेपरनं अशी चमकवली की तोंड दिसावं. सरांनी पट्टी हातात घेतली, वरची बाजू बघितलीसुद्धा नाही. म्हणाले, "पाठ दाखव." उलटी केली तर कानस लागलेलीच नव्हती. पुढे वर्षभर आपण एकमेकांना 'पाठ दाखव' म्हणून चिडवायचो. गृहपाठाला, डब्याला, अगदी नव्या शर्टालासुद्धा. तो मुलगा मी होतो. तुम्ही विसरला असाल, मी नाही. तेव्हा मी सरांवर चिडलो होतो. एवढं चकचकीत काम आणि दहापैकी दोन गुण!

ते दोन गुण बरोबर होते, हे कळायला मला छत्तीस वर्षांत एक चौक लागला.

आता माझा ऑक्टोबर उलटा सुरू होतो. आधी गाडी चार भक्कम स्टँडांवर चढते. नुसत्या जॅकवर ठेवून खाली कधीही शिरू नका. मग पोटाला पाण्याची धार, पाणी निघायची सगळी भोकं तारेनं मोकळी करणं आणि पूर्ण दिवसभर वाळवणं. ओलाव्यावर काही फवारलं तर ओलावा आतच कोंडला जातो. वाळल्यावर पोकळ पेट्यांत लांब नळीनं आतून मेण फवारायचं, भोकं मात्र बुजवायची नाहीत. ब्रेकच्या सगळ्या नळ्या आता तांबं-निकेलच्या मिश्रधातूच्या आहेत, त्या तशा गंजत नाहीत. तरीही दर वर्षी टॉर्च घेऊन त्यांच्यावरून बोट फिरवतो. मग दोन बादल्या, मग वडी, मग मेण. आणि मीठ पडायला लागलं की गाडी गॅरेजबाहेर काढत नाही.

मुलगी आता कॉलेजात आहे. ऑक्टोबरात घरी असली की टॉर्च तीच धरते. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. पण मी वरून फडकं मारायला लागलो की खालून विचारते, "बाबा, पाठ बघितली?" हे कुठून आलं, ते तिला ठाऊक आहे.

इथे जमलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी पन्नाशी ओलांडली आहे. आज सगळे छान दिसतो आहोत, केसांनाही पॉलिश आहे. रक्तदाब, साखर, घरातल्या न बोललेल्या गोष्टी, यांच्याकडे कधी वाकून बघितलं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी डॉक्टर नाही, जास्त बोलत नाही.

शेवटचं. सर पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, त्या सडलेल्या नळीचा बोटभर तुकडा मी कापून ठेवला होता, तो आज खिशात घालून आणला आहे. विमानतळावर विचारलं, हे काय? मी सांगितलं, गृहपाठ. तुमच्या हातात देतो. या वेळी उलटा करून बघायची गरज नाही, मी बघितला आहे.