कुत्र्याच्या ताटलीत काय वाढायचं?

मागच्या वेळी मी गटाच्या व्याजाच्या हिशेबावर बोलले होते. आज बोलणार आहे कुत्र्याच्या जेवणावर. हसू नका. हा विषय मी निवडलेला नाही, तो आमच्या गटाच्या बैठकीतच आला.

झालं असं, की एका ताईने अंतर्गत कर्ज मागितलं, दोन हजार रुपये. वहीत कारण लिहायचं म्हटल्यावर ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "कुत्र्याच्या खाद्यासाठी." तिचा मुलगा हैदराबादला कंपनीत आहे. दिवाळीला आला तेव्हा लॅब्रडोरचं पिल्लू घेऊन आला आणि इथंच सोडून गेला. आता रोज फोनवर सांगतो, "आई, त्याला भात देऊ नको. पाकीट आण. नाही जमलं तर कच्चं चिकन दे, कुत्रं म्हणजे लांडग्याची जात." बैठकीतल्या अर्ध्या बाया हसल्या. आमच्या एक आत्याबाई म्हणाल्या, "आमच्या कुत्र्यांनी जन्मभर भात अन् पेजच खाल्ली, ती का मेली?" त्यावरून भांडण लागलं आणि शेवटी ते काम माझ्या गळ्यात पडलं. ताई, तुम्ही बीए झाल्या, तुम्हीच शोधा.

मला मात्र हसू आलं नव्हतं, कारण कच्च्या मटणाचा प्रयोग मी माझ्याच घरी करून बसले होते. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे काळू नावाचं पिल्लू होतं. माझ्या दिराने मोबाइलवर कुठंतरी पाहिलं, की कुत्र्याला कच्चं मांसच द्यावं. चौकातल्या चिकनच्या दुकानात संध्याकाळी उरलेलं फुकट मिळायचं. कातडी, आतडी, पोटा, कधी कलेजी. पैसा लागत नव्हता, पिल्लू आवडीने खात होतं, मला वाटलं याहून चांगलं काय. चार महिन्यांचा झाला तेव्हा त्याचे पुढचे पाय कमानीसारखे वाकले. उभं राहताना कण्हायचा. जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं, खायला काय देता? सांगितल्यावर म्हणाले, हाडाशिवायचं नुसतं मांस दिलंत, त्यात कॅल्शियम नसल्यासारखंच असतं. फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नाही, मग शरीर वाढत्या हाडांतूनच कॅल्शियम ओढून घेतं. औषधाने काळू वाचला, पण पाय वाकडे ते वाकडेच राहिले. अजूनही पायरी चढताना थांबतो. त्याच्या खाण्याचा विषय निघाला की दीर उठून बाहेर जातो.

आता लांडग्याच्या जातीचं बोलू. आपल्या जंगलात रानकुत्रे आहेत, ते कच्चंच खातात, हे खरं. पण ते ताजी शिकार सगळी खातात, हाडासकट, आतल्या अवयवांसकट. दुकानातलं दुपारपासून टोपलीत पडलेलं, माशा बसलेलं ते खात नाहीत. आणि त्यांच्या पोटात जंत होतात, ते लवकर मरतात, ते आपल्याला कोणी येऊन सांगत नाही इतकंच. दुसरं म्हणजे, माणसाजवळ हजारो वर्षं राहून कुत्र्याचं पोट बदललं आहे. २०१३ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी कुत्रा आणि लांडगा यांची तुलना केली, तेव्हा दिसलं की पिठूळ पदार्थ पचवायला लागणारा गुण कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. म्हणजे शिजलेला भात कुत्र्याला पचतो. आत्याबाईंचं तिथपर्यंत बरोबर.

पण आत्याबाई, नुसत्या भातावर कुत्रं जगतं, धड राहत नाही. केस झडतात, कातडी खरखरीत होते, जखम लवकर भरत नाही. गावातली बरगड्या दिसणारी कुत्री बघा. ती मेली नाहीत, पण बरी आहेत असंही कोणी म्हणणार नाही.

कच्च्याबद्दल अजून एक सांगायचं आहे, आणि आज मी आले ती मुख्य त्यासाठीच. आमच्या ओळखीतल्या एका बाईला वर्षभर उजव्या बरगडीखाली जड वाटायचं. गॅस म्हणून गोळ्या खाल्ल्या. शेवटी सोनोग्राफीत यकृतात पाण्याने भरलेली मोठी गाठ निघाली, नागपूरला ऑपरेशन झालं. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घरी कुत्रं आहे का? बकरा कापल्यावर आतलं त्याला कच्चं टाकता का?"

याचं चक्र समजून घ्या. बकरी, मेंढी, गाय, बैल यांच्या यकृतात आणि फोफशात अशा गाठी असू शकतात. त्या गाठीत एका बारीक फीतकृमीची पिल्लं असतात. ते कच्चं फोफसं कुत्र्याने खाल्लं, की त्याच्या आतड्यात तो जंत वाढतो. कुत्र्याला काही होत नाही, ते उड्या मारतं. पण त्याच्या विष्ठेतून जंताची अंडी बाहेर पडतात. अंगणात, भाजीच्या वाफ्यात, कुत्र्याच्या केसांवर. तिथून मुलांच्या हाताला, आपल्या तोंडात. मग माणसाच्या यकृतात नाहीतर फुप्फुसात गाठ वाढत राहते, वर्षानुवर्षं, न दुखता. त्या बाईला हा आजार घरच्याच कुत्र्यापासून झाला, असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण आपल्याकडे पूजेला, लग्नाला, पाहुण्याला बकरा कापला की वजडी-फोफसं कुत्र्यापुढे फेकायची रीत आहे, ती मात्र मी स्वतः डोळ्यांनी पाहिली आहे. माझ्या माहेरीसुद्धा.

म्हणून आतलं काहीही द्यायचं असेल तर निदान अर्धा तास खळखळ उकळा. ज्यात पाण्याने भरलेल्या गाठी दिसतील ते खोल पुरा किंवा जाळा. घरामागे फेकू नका. त्याच्या वासाने मोकाट कुत्री येतात आणि मोकाट कुत्र्यांच्या मागे बिबट येतो. आपल्या भागात हे मी वेगळं सांगायला नको. आणि दर तीन महिन्यांनी कुत्र्याला जंताची गोळी द्या, वजनाप्रमाणे. गोळीत 'प्राझिक्वांटेल' हे औषध आहे ना, ते डॉक्टरांना विचारून घ्या, कारण साध्या जंताच्या गोळीने फीतकृमी मरत नाही.

आता पाकीट. पेडिग्री, ड्रूल्स ही नावं आता आपल्याकडच्या दुकानांतही टांगलेली दिसतात. पाकिटाला मी नावं ठेवणार नाही. त्यात प्रथिनं, कॅल्शियम, जीवनसत्त्वं हिशेबाने घातलेली असतात. पिल्लासाठीचं वेगळं, मोठ्यासाठीचं वेगळं. ज्या पिल्लाची हाडं वाढतायत त्याला पहिले काही महिने ते मिळालं तर चांगलंच. माझ्या काळूला मिळालं असतं तर आज तो सरळ चालला असता. पण कारखान्यातलं म्हणजे निर्धास्त, असंही नाही. २००७ साली अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या खाद्यात चीनहून आलेल्या घटकातून मेलामाइन नावाचं रसायन शिरलं, खूप जनावरांची मूत्रपिंडं गेली आणि दुकानांतून ढिगाने डबे परत बोलवावे लागले.

आणि पैसा. आमच्याकडे किलोला तीनशेच्या आसपास पडतं. पंधरा किलोच्या गावठी कुत्र्याला दिवसाला पाव किलोच्या जरा आत लागतं, म्हणजे महिन्याला दोन हजार. लॅब्रडोर मोठा झाला की तीन हजारांच्या पुढे. आमच्या गटात बारा जणी, दरमहा शंभर रुपये. बारा जणींची बचत बाराशे आणि एका कुत्र्याचं पोट तीन हजार. मी हे मांडल्यावर ती ताई म्हणाली, "हे पोराला तुम्हीच फोनवर सांगा." सांगितलं. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.

स्वस्त पडेल म्हणून आम्ही एक युक्तीही करून पाहिली होती. गेल्या पावसाळ्यात नऊ घरांनी मिळून मोठं पोतं आणलं आणि वाटून घेतलं. वाटलेलं कोणी प्लास्टिकच्या थैलीत ठेवलं, कोणी उघड्या डब्यात. पोळ्यापर्यंत निम्म्यांच्या खाद्याला बुरशी. बुरशीचं विष कुत्र्याच्या यकृताला मारतं, तेव्हा सगळं पुरलं. चूक माझी होती, वाटप मीच केलं होतं. सुटं खाद्य घ्यायचं तर झाकणाच्या कोरड्या डब्यात आणि पंधरा दिवसांपुरतंच.

मग आपण काय वाढायचं? घरचं, पण शिजवलेलं, आणि कुत्र्यासाठी म्हणून काढलेलं. पंधरा किलोच्या कुत्र्याला दिवसभरात दीडशे ग्रॅम कनकी, मूठभर तुरीची किंवा मुगाची डाळ, दोन अंडी किंवा शंभर ग्रॅम शिजलेलं चिकन, कोहळ्याचे दोन तुकडे, चमचाभर तेल. सगळं एकत्र मऊ शिजवा, दोन वेळेला द्या. अंड्याची टरफलं धुवून, वाळवून, भाजून, मिक्सरला बारीक करून ठेवा. त्या पिठाचा अर्धा लहान चमचा रोज जेवणात. हेच ते कॅल्शियम, फुकट. पिल्लाला किती, ते मात्र डॉक्टरांना विचारा, अंदाजाने नको. मी हिशेब केला तर हे दिवसाला पंचवीस-तीस रुपयांत बसतं. अंड्याऐवजी प्राणहितेचे छोटे मासे मिळाले तर उकडून काटे काढून द्या. कोसरीची पेज उरली तर तीही चालते. अशा घरच्या जेवणात पाकिटाइतकं सगळं मोजून येत नाही, म्हणून एकच एक रोज न देता डाळ, अंडं, मासा फिरवत राहा.

आपल्या ताटातला रस्सा कुत्र्याला घालू नका. तिखट-मिठाचा प्रश्न आहेच, पण कांदा जास्त वाईट. कांदा-लसणाने कुत्र्याचं रक्त कमी होतं, शिजवलेल्यानेसुद्धा. मनुका, चॉकलेट नको. शिजवलेलं कोंबडीचं हाड नको, ते सुईसारखं फुटतं आणि आतड्यात रुततं. आणि मोहाचा सडवा ठेवलेलं मडकं झाकून ठेवा. कोणाच्या घरी असतो ते मी विचारत नाही, पण दारू कुत्र्याला आपल्यापेक्षा फार लवकर चढते आणि मारते.

कुत्रं खायचं सोडून बसलं, उलट्या झाल्या, तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या किंवा जनावरांच्या सेवेसाठीचा १९६२ हा नंबर लावून विचारा.

त्या कर्जाचं काय झालं ते राहिलं. बैठकीत दोन हजार मंजूर झाले नाहीत. आठशे झाले. त्यात पिल्लाच्या खाद्याची एक छोटी थैली, जंताची गोळी आणि रेबीजची लस. चार हप्त्यांत फेडायचे. वहीत कारण काय लिहायचं यावर पुन्हा पाच मिनिटं गेली. शेवटी आत्याबाईच म्हणाल्या, "लिही ना सरळ, कुत्र्यासाठी." तसं लिहिलं आहे. पहिला हप्ता वेळेवर आला.