गोष्ट, पत्र आणि परीक्षा



दहावीचा इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर ४० गुणांचा. ‘टिपा लिहा’, ‘सकारण स्पष्ट करा’ हे प्रश्न मुलांना पाठ असतात आणि गाइडमधली उत्तरेही. ती उतरवली की गुण मिळतात. पण मुलाला पुराव्याची पारख आली का, ते कळत नाही.

आमच्या कल्याणचेच बघा. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. तेव्हा पकडून आणलेल्या सुभेदाराच्या सुनेला महाराजांनी सन्मानाने परत पाठवले, ही गोष्ट इथल्या मुलांनी गॅदरिंगच्या नाटुकल्यात पाहिलेली असते. नववीच्या वर्गात मी तीन मजकूर वाटतो. एक ही गोष्ट. दुसरे, रांझे गावच्या पाटलाने बदअंमल (स्त्रीशी गैरवर्तन, असे मानले जाते) केला म्हणून त्याचे हातपाय तोडल्याचे महाराजांच्या शिक्क्याचे पत्र. तिसरा खाफीखानाचा उतारा: महाराजांवर कडक टीका करणारा हा मोगल इतिहासकारही, स्त्रियांना उपद्रव द्यायचा नाही असा त्यांचा दंडक होता, हे नोंदवतो. प्रत्येकाखाली कोणी, केव्हा लिहिले ते असते. गोष्टीखालची जागा कोरी, कारण तिला समकालीन कागद नाही.

प्रश्न एकच. महाराजांचे स्त्रियांविषयीचे धोरण सांगताना कशावर जास्त विसंबाल, आणि का?

एका मुलीने लिहिले, विरोधकाला खोटी स्तुती करायचे कारण नव्हते, म्हणून खाफीखान. तिच्या बाकावरची म्हणते, तो पुढच्या पिढीतला, पत्र त्याच काळातले, म्हणून पत्र. मी दोघींना पाचपैकी पाच दिले. ‘सर, मग गोष्ट खोटी का?’ असे कोणीतरी विचारतेच. पुरावा सापडलेला नाही, एवढेच आपण म्हणू शकतो, असे मी सांगतो. महाराजांचे मोठेपण त्या गोष्टीवर टेकलेले नाही. ते पत्रात लखलखीत दिसते.

विधानाला एक गुण, पुराव्याला दोन, कारणाला दोन. ऱ्हस्व-दीर्घाचे गुण मी कापत नाही. डोंबिवली-कल्याणच्या वर्गात घरी आगरी, हिंदी, गुजराती बोलणारी मुले असतात आणि इथे तपासायचा असतो विचार. साठेक वह्या तपासायला वेळ लागतो, हे खरे. पण सत्रात एकदा तरी हे व्हावे. अभ्यासक्रमाबाहेरचे म्हणाल, तर दहावीच्या पुस्तकाची सुरुवातच इतिहासलेखनाच्या धड्यांनी होते.

असा प्रश्न प्रत्येक गावात काढता येतो. ठाण्याच्या शिक्षकांकडे १६ एप्रिल १८५३ ची मुंबई-ठाणे ही देशातली पहिली प्रवासी रेल्वे आहे. गाडीत बसलेल्या निमंत्रितांविषयी पुष्कळ लिहिले गेले. रूळ टाकणाऱ्या मजुरांविषयी कुठे, किती सापडते, ते मुलांना शोधून लिहू द्या. १८९३ पासूनचे मराठी ग्रंथसंग्रहालय गावातच आहे.