वाटीखालचा दाब

गुडघा दुखू लागला की पहिला सल्ला मिळतो तो बैठका बंद करण्याचा. त्याऐवजी खुर्चीत बसून, घोट्याला वजन बांधून पाय सरळ करा, म्हणजे गुडघ्यावर अंगाचा भार येणार नाही, असं सांगतात. सल्ला आपुलकीचा आहे, पण त्यातला हिशेब अर्धवट आहे. भार किती, एवढंच पाहून भागत नाही. तो किती जागेवर पसरतो, हेही पाहावं लागतं. गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेतून वर-खाली सरकते. पाय जवळजवळ सरळ असतो तेव्हा वाटीचा लहानसाच भाग हाडाला टेकतो. पाय ९० अंशांकडे वाकत जातो तसा हा भाग वाढतो. आता खुर्चीतला व्यायाम पाहा. पाय लोंबकळत असताना वजन सरळ खाली ओढतं आणि मांडीच्या स्नायूला फारसं काम नसतं. पाय उचलत जाल तशी तरफ लांबते, आणि तो पूर्ण सरळ होताना स्नायूला सर्वाधिक जोर लावावा लागतो. टेकणारी जागा सर्वांत लहान असते तीही नेमकी तेव्हाच. बैठकीत सगळं उलटं. ताठ उभं असताना स्नायू जवळपास मोकळा असतो. खाली जाताना जागा वाढते खरी, पण भार तिच्याहून वेगाने वाढतो. १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बैठकीच्याच जातीचा लेग प्रेस आणि बसून करायचं लेग एक्स्टेन्शन यांची तुलना झाली. दोन्हींचे आलेख सुमारे ४८ अंशांवर एकमेकांना छेदतात. त्याहून कमी वाकलेल्या गुडघ्यात लेग प्रेसचा दाब कमी, त्याहून जास्त वाकलेल्या गुडघ्यात लेग एक्स्टेन्शनचा. म्हणजे दोष व्यायामाच्या नावात नाही, कोनात आहे.

यावर एक रास्त आक्षेप आहे: हे सारं गणित झालं, दुखणं गणिताने ठरतं का? बेल्जियममध्ये वाटीच्या दुखण्याच्या ६० रुग्णांवर चाचणी झाली, तेव्हा दोन्ही प्रकारच्या व्यायामांनी आराम पडला. मला हा पुरावा माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध वाटत नाही. कोणताही एक प्रकार वाळीत टाकायला नको, हेच तो सांगतो. दुसरा आक्षेप तालमीतून येतो. पूर्ण खाली बसणाऱ्या पैलवानांचे गुडघे मग टिकतात कसे? खोल बैठकीत वाटीच्या वरची कंडराही मांडीच्या हाडावर टेकते आणि भाराचा काही वाटा उचलते. शिवाय तो गुडघा वर्षानुवर्षं, थोडं थोडं वाढवत तयार झालेला असतो. दुखऱ्या गुडघ्याने त्याची बरोबरी पहिल्याच आठवड्यात करू नये.

मग दुखतंय तोवर स्वस्थ बसलं तर? तेही परवडत नाही. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. दाब येतो, सुटतो, त्या हालचालीतून तिला पोषण मिळतं. तेव्हा चिठ्ठीवर ‘बैठका बंद’ असं लिहिण्याऐवजी ‘भिंतीला पाठ लावून अर्ध्याहून कमी बैठक, खुर्चीत बसून वजन उचलताना पाय निम्म्यापर्यंतच सरळ’ असं लिहिलं जावं, आणि दुखणं उतरेल तसा हा पल्ला दर काही दिवसांनी वाढवून द्यावा.