मागच्या केसवरून आजचा गुन्हा शाबीत होत नाही
(कार्यकर्ता शिबिरातलं भाषण)

बाया-माणसांनो,

आपल्यातल्या पुष्कळांवर जंगलाच्या तीन-तीन, चार-चार केसी आहेत. कोर्टात उभं राहिलं की फॉरेस्टवाले म्हणतात, "साहेब, हा नेहमीचाच आहे, याला सवयच आहे." आपला माणूस मान खाली घालतो. तसं करायचं कारण नाही. कायदा काय म्हणतो ते ऐका.

पहिली गोष्ट. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता २०२३, कलम २४१. प्रत्येक गुन्ह्याचा आरोप वेगळा, खटलाही वेगळा. समजा, चैत्रात झाडं तोडल्याची केस झाली आणि भादव्यात गार्डला अडवल्याची. या दोन्ही एकत्र चालवायच्या नाहीत. याला सूट आहे. एकाच माणसाचे, एकाच प्रकारचे, बारा महिन्यांतले पाचपर्यंत गुन्हे एकत्र चालू शकतात. एकाच घटनेत जे जे घडलं तेही, आणि त्यातली सगळी माणसंही. पण त्या दिवशीच्या घटनेत जो नव्हताच, त्याला त्या गठ्ठ्यात बांधायचं नाही. कोर्टाच्या खेपा वाचाव्यात म्हणून आपणही केसी एकत्र करायचा लेखी अर्ज देऊ शकतो. पण वकिलाला विचारल्याशिवाय देऊ नका.

दुसरी गोष्ट. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३, कलम ४९. आरोपी वाईट चालीचा आहे, म्हणून यानेच केलं असणार, हे चालत नाही. त्या दिवशी, त्या जागी, याच माणसाने केलं, हे सरकारने शाबीत करायचं. मात्र आपल्याच साक्षीदाराने "हा फार सज्जन" असं सांगितलं, की दार उघडतं. मग मागची शिक्षाही पुढे येते. साक्षीदाराने पाहिलं तेवढंच सांगावं.

तिसरी गोष्ट. चॅप्टर केस आणि तडीपारी यांत मात्र उलट आहे. तिथं मागचं सगळं गाठोडं सोडून दाखवतात. म्हणून "कबूल कर, दंड भर, घरी जा" असं कोणीही म्हणो, न केलेला गुन्हा कबूल करू नका. दंडाचे पैसे आपण विसरतो, शिक्षेची नोंद राहते.

इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून पारध्यांसारख्या अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला. "हे लोक असेच" ही बोली गेली नाही. ती कोर्टात निघाली की वकिलाला लगेच हरकत घ्यायला सांगा.

गावात गेल्यावर एक काम करा. प्रत्येक केसचा कागद वेगळा ठेवा. नंबर, तारीख, जागा, त्या दिवशी आपण कुठं होतो, कोणी पाहिलं, सगळं लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून लिहून घ्या.

जिंदाबाद!