अभियंत्याचा प्रश्न ठरवतो कोण?



जागतिक संकटांमुळे अभियांत्रिकीचे शिक्षण बदलू लागले आहे, असे अलीकडे वारंवार सांगितले जाते. कागदोपत्री ते खरेही आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीने २००८ मध्ये चौदा मोठी आव्हाने जाहीर केली. स्वस्त सौरऊर्जा आणि स्वच्छ पाणी ही त्यांतलीच. अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या 'वॉशिंग्टन करारा'त भारत २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाला. पदवीधराच्या अंगी कोणते गुण असावेत याची त्या कराराने केलेली यादी २०२१ मध्ये सुधारण्यात आली आणि शाश्वत विकासाला तीत ठळक स्थान मिळाले. महाविद्यालये त्यानुसार तक्ते भरतात. तक्ते भरण्याच्या कलेत आपला देश कधीच मागासलेला नव्हता! परंतु संकट जागतिक असले, तरी संशोधनाचा प्रश्न कोणाच्या अंगणातून उचलला जातो, हे तक्त्यावरून कळत नाही.

१९७३ च्या अखेरीस, पश्चिम आशियातील युद्धानंतर, खनिज तेलाचे भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाले. जगभरचे संशोधक इंधनाच्या चिंतेने ग्रासले. १९७४ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने 'अस्त्र' हे ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र उभे राहिले. रेड्डी हे विद्युत्-रसायनशास्त्राचे नामवंत अभ्यासक. ऊर्जेचे संकट म्हणजे पेट्रोलचे संकट, हे समीकरण त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मान्य केले नाही. कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यातील खेड्यांत जाऊन त्यांनी घरोघरीच्या ऊर्जेची मोजदाद केली. गावच्या ऊर्जेत सिंहाचा वाटा जळाऊ लाकडाचा निघाला, आणि ते गोळा करण्यात बायकामुलांचे रोजचे कित्येक तास जात होते. तेलाच्या बाजारभावात या श्रमाची नोंद कोठेच नव्हती. कमी लाकडात अधिक स्वयंपाक करणारी 'अस्त्र ओले' ही चूल या कामातून पुढे आली.

त्याच भागातील पुरा या गावची हकीगत अधिक बोधप्रद आहे. सामुदायिक गोबरगॅसवर स्वयंपाक व्हावा, अशी तेथील मूळ कल्पना होती. पण सर्व चुली पेटाव्यात इतके शेण गावात नव्हते. शिवाय सरपण विकत घ्यावे लागत नसल्याने गावाला ती निकडही वाटत नव्हती. गावाची निकड पिण्याच्या पाण्याची होती. शास्त्रज्ञांनी योजनाच फिरवली. १९८७ पासून त्या वायूच्या साहाय्याने डिझेल इंजिन चालवून वीज निर्माण होऊ लागली. तिच्यावर विंधनविहिरीचा पंप चालला आणि घरांत दिवे लागले. शेण देणाऱ्यास मोबदला मिळे, आणि खत परत मिळे. सुमारे दशकभर चालून ही व्यवस्था थांबली, हेही नमूद केले पाहिजे. यंत्र बसवणे सोपे, ते गावाने वर्षानुवर्षे सांभाळणे कठीण. आणि अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात या दुसऱ्या गोष्टीला तेव्हाही जागा नव्हती, आजही पुरेशी नाही.

महाराष्ट्रात या वाटेवरचे काम पवईच्या आय.आय.टी.त झाले. तेथे १९८५ मध्ये ग्रामीण पर्यायी तंत्रज्ञानाचे केंद्र, 'सितारा', स्थापन झाले. पुढे त्यातून तंत्रज्ञान आणि विकास या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाला. टँकरने पाणी येणारी गावे विद्यार्थ्यांच्या प्रबंधाचा विषय झाली. २०१६ च्या 'उन्नत महाराष्ट्र अभियाना'ने राज्यातील अन्य महाविद्यालयांनाही आपल्या जिल्ह्याचे प्रश्न अभ्यासाला घेण्याचा मार्ग खुला केला.

आता संकट हवामानाचे आहे आणि पैसाही त्याच नावाने येतो. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये राज्यात हवामान-अनुकूल शेतीचा प्रकल्प सुरू झाला, आणि गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची गणिती पद्धत पवईच्या अभियंत्यांनी त्यासाठी तयार केली. पाऊस किती पडला, किती वाहून गेला, किती मुरला, पिकांनी किती घेतला, हे त्यातून गावनिहाय काढता येते. हे काम मोलाचे आहे. पण मुरलेले पाणी ज्याच्या विहिरीत उतरते त्याचे ठरते, आणि ज्याला विहीर नाही, जमीनही नाही, त्याचा वाटा किती हे त्या बेरजेतून निघत नाही. तो रकाना अभियंत्याने आपणहून आखावा अशी अपेक्षा फोल आहे. गावाचा ताळेबंद मांडला जाईल तेव्हा तो ग्रामसभेत वाचून घ्यावा, आणि भूमिहीन कुटुंबांच्या पाण्याचा आकडा कार्यकर्त्यांनी तेथेच मागावा.