साध्या शिपायाचे विजेचे हत्यार



आजचा विषय फळ्यावर वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. विज्ञानकथेतल्या शिपायाच्या हाती विजेवर चालणारे कोणते हत्यार द्यावे, हा काय वसंत व्याख्यानमालेचा विषय झाला? पण आमचे म्हणणे असे की, हा विषय पुण्या-मुंबईपेक्षा भोंगवलीत बोलण्याजोगा आहे. हातघाईची लढाई सामान्य माणसाने कशी लढावी, याचा धडा या भोर-वेल्ह्याच्या मुलखाने पुस्तकात नव्हे, डोंगरात गिरवला. कान्होजी जेधे कारीचे, बाजीप्रभू सिंदचे, येसाजी कंक भुतोंड्याचे. ही नावे राहिली. त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिलेल्या बहुतेकांची नावे राहिली नाहीत. आमचा आजचा प्रश्न या नाव न राहिलेल्या माणसाचा आहे.

विज्ञानकथा त्याची फारशी विचारपूस करीत नाही. 1977 साली 'स्टार वॉर्स' हा चित्रपट आला आणि प्रकाशाची तलवार जगभरच्या पोरांच्या हाती खेळू लागली. पण ती तलवार कोणाची? निवडक वीरांची. साधा शिपाई तिथे मरण्यापुरता येतो. आपल्याकडे डॉ. जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत विश्वासरावांना लागलेली गोळी हुकवून दाखविली आणि तेवढ्यावर सारा इतिहास फिरविला. कथा अस्सल आहे, तिची मोहिनी आजही कमी झालेली नाही. तरी मनात येते, त्या दिवशी उपाशीपोटी रणात उतरलेल्या साध्या माणसाच्या हातात काय होते, यावरही एखादी कथा व्हायला हवी.

आता पहिला प्रश्न. भविष्यकाळात तोफा-बंदुका असताना माणसे हातघाईवर येतीलच कशाला? लेखकाने याचे उत्तर आधी दिले पाहिजे. फ्रँक हर्बर्ट यांनी 1965 च्या 'ड्यून' या कादंबरीत ते दिले. तिथे अंगाभोवती एक अदृश्य कवच असते. वेगाने येणारी गोळी ते अडविते, पण सावकाश शिरणारे पाते अडवीत नाही. म्हणून सुरी पुन्हा कामाला आली. आपल्याला इतके दूर जाण्याचे कारण नाही. जुलै 1660 मधली घोडखिंड आठवावी. वाट अरुंद, आषाढाचा पाऊस. तोड्याच्या बंदुकीचा तोडा भिजला, दारू ओली झाली की ती बंदूक म्हणजे एक काठीच. अशा वेळी शत्रूची संख्या मोठी असून उपयोगी पडत नाही, कारण एका वेळी समोर मोजकेच उभे राहू शकतात. खिंड आणि पाऊस ही हातघाईची दोन कारणे झाली. कथाकाराने आपल्या आकाशयानात किंवा परग्रहावरच्या खाणीत अशीच एखादी खिंड आणि असाच एखादा पाऊस शोधावा. मात्र खाणीत पेट घेणारा वायू असेल, तर बंदुकीबरोबर ठिणगी टाकणारी विजेची मोटारही बाद होते, हे विसरू नये.

दुसरा प्रश्न विजेचा. येथे आम्ही आपल्या ओळखीचे यंत्र घेतो : पाठीवरचा फवारणीचा पंप. त्यातली 12 व्होल्टची, 8 अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे 96 वॉट-तास, अर्थात सुमारे 3,45,000 जूल ऊर्जा. तलवारीच्या एका जोरदार घावात शंभर जूलच्या आसपास ऊर्जा असते. म्हणजे हिशेबाने या एका बॅटरीत तीन हजारांहून अधिक घाव साठलेले आहेत! मग अडचण कुठे आहे? अडचण साठ्यात नाही. ती खर्चण्यात आहे. घाव एका क्षणात बसतो. शंभर जूल पाव सेकंदाच्या आत द्यायचे तर चारशे-पाचशे वॉटची मोटार पाहिजे, म्हणजे भिंतीला भोके पाडणाऱ्या यंत्राएवढी. ती हातात धरली की मनगट गेले. शिवाय मोटार पात्याला जितक्या जोराने पुढे ढकलील, तितक्याच जोराने हाताला मागे ढकलील. न्यूटनच्या तिसऱ्या नियमातून शूरालाही सूट नाही.

कोणी म्हणेल, पाते तापवावे. एक किलो पोलाद सहाशे अंशांनी तापवायला सुमारे तीन लाख जूल लागतात. म्हणजे एका तापवण्यातच बॅटरी संपली. आणि पोलादाचे काय होते, ते गावच्या लोहाराला विचारावे. असे तापलेल्या पात्याचे पाणी उतरते, धार मऊ पडते. शिपायाच्या हाती उरते ती लाल झालेली पट्टी.

कोणी म्हणेल, साखळीची करवत द्यावी. पण खोड जागेवर उभे असते, शत्रू उभा राहत नाही. करवतीला कापायला वेळ लागतो, दोन्ही हात गुंततात आणि टोक अडकले की ती उलटून धरणाऱ्याच्याच अंगावर येते. लाकूडतोडीचे कामगार लांब धाग्यांचे थर भरलेली विजार घालतात. साखळी लागली की ते धागे तिच्या चाकात गुंततात आणि करवत जागच्या जागी थांबते. आपल्याकडे पूर्वी कापूस भरलेले जाड अंगरखे लढाईत वापरीत. म्हणजे भविष्यकाळातली ही भयंकर करवत गोधडीपुढे हात टेकील!

विजेच्या झटक्याचेही तसेच. रानडुकरांसाठी बांधाला झटका मशीन लावणाऱ्यांना ठाऊक आहे की, तार अंगाला लागली तर झटका. जाड, कोरडे कापड मध्ये आले तर काही नाही.

मग मार्ग कोणता? आम्हांला वाटते, तो जुन्या हत्यारांनीच दाखविला आहे. दांडपट्टा पाहा, 2024 साली महाराष्ट्र शासनाने ज्याला राज्यशस्त्र म्हणून जाहीर केले. त्याची मूठ लोखंडी आवरणात असते आणि ते आवरण कोपराकडे चढते. मनगट मोकळे राहत नाही. घावाचा भार सगळा पुढचा हात घेतो. यंत्राचा धक्का सोसायचा असेल तर मूठ कशी असावी, याचा नमुना शेकडो वर्षांपूर्वीच तयार आहे. पण पट्टा फिरवायला तालमीत वर्षे घालवावी लागतात. नांगर सोडून आलेल्या माणसाचे ते हत्यार नव्हे.

त्या माणसाचे हत्यार म्हणजे भाला, आणि भाल्यातला आपला खास प्रकार म्हणजे विटा. विट्याला दोरी असते. ती मनगटाला बांधायची, विटा फेकायचा आणि ओढून परत घ्यायचा. फेकण्याचे बळ माणसाच्या खांद्यात आहेच. उणीव आहे ती परत येण्याच्या क्षणाची, कारण तेवढा वेळ तो रिकामा असतो. वीज तिथे लावावी! एक किलोचा विटा सेकंदाला पाच मीटर वेगाने वर ओढायला सुमारे 50 वॉट पुरतात. फवारणीच्या पंपाची बॅटरी हे काम सहज करील. कमरेला एक छोटी गिरकी, तिच्यावर दोरी, आणि बोटाशी एक कळ. घाव माणसाचा, परतीचा फेरा यंत्राचा. आणि बॅटरी संपली तर? दोरी आहे, हात आहे. विटा पूर्वी होता तसाच राहतो.

हीच आमची कसोटी आहे. बाजारात बॅटरी आणि हातदांडा दोन्ही असलेला पंप मिळतो. फवारणीच्या मध्यावर बॅटरी उतरली तर शेतकरी दांडा हलवितो आणि ओळ पुरी करतो. साध्या शिपायाचे हत्यार असे असावे. वीज असता अधिक, वीज नसता निरुपयोगी नव्हे.

श्रोतेहो, यात केवळ यंत्राचा प्रश्न नाही, सत्तेचा आहे. मराठी फौजेत बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार होते. बारगिराचा घोडा सरकारचा, शिलेदाराचा घोडा आणि हत्यार स्वतःचे. सरकारी घोड्याने फौज एका हुकमात राहते, हा लाभ खरा; पण घोडा काढून घेतला की बारगीर पायउतार झाला, हेही खरे. ज्या हत्याराची बॅटरी एकाच ठाण्यावर भरते, ज्याचा बिघाड एकाच कारखान्यात निघतो, ज्याची कळ दूर बसलेला अधिकारी बंद करू शकतो, ते हत्यार धरणारा माणूस कथेत कितीही शूर दाखविला तरी तो दुसऱ्याच्या मर्जीचा बारगीर आहे. रात्रीच्या पाळीची वीज येईल म्हणून विहिरीवर ज्यांनी जागरणे काढली, त्यांना हे आम्ही वेगळे सांगायला नको.

परकी वस्तू वर्ज्य करा, असा याचा अर्थ नव्हे. मराठ्यांची फिरंग पाहा : पाते युरोपातून आलेले, मूठ इथली. मुठीच्या टोकाला जो गज असे, त्याला दुसरा हात लावून दोन हातांचा घाव घालता येई. पाते कुठलेही असो, ते ज्याच्या हाती जायचे त्याच्या हाताच्या मापाची मूठ इथे बसविली गेली, हे महत्त्वाचे. स्वित्झर्लंडच्या शेतकऱ्यांनी 1315 साली मॉर्गार्टेनच्या अरुंद वाटेत चिलखती सरदारांना गाठले, तेव्हा त्यांच्या हातीही लांब दांड्याची कुऱ्हाडच होती. लांब दांडा म्हणजे तरफ, आणि तरफ ही गरिबाची मोटार आहे.

समोर शाळेतली मुले बसली आहेत. त्यांच्यापैकी कोणी उद्या विज्ञानकथा लिहील. त्याला आमचे सांगणे एवढेच : नायकाच्या हाती तळपती तलवार दे, हरकत नाही. पण त्याच्या मागे जे शंभर जण उभे आहेत त्यांच्यापैकी एकाला विचार की, बाबा, तुझ्या हत्याराचे वजन किती, ते शिकायला तुला किती दिवस लागले, मोडले तर कोण दुरुस्त करतो आणि वीज गेली तर तू काय करतोस? या चार प्रश्नांची उत्तरे ज्या कथेत सापडतील, त्या कथेतले जग खरे वाटेल. आणि हेच प्रश्न हत्यार सोडून अवजारांनाही लावून पाहावेत, म्हणजे पंपाला, मळणीयंत्राला, हातातल्या मोबाइललाही. मग विज्ञानकथा ही निव्वळ करमणूक आहे, असे कोणी म्हणणार नाही.