खांबावरचा नंबर

(यवतमाळ येथील युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला विषय दिला होता ‘शहर आणि आपण’. मी त्याला थोडी कात्री लावली आहे. शहर मोठं असतं, त्यावर बोलायला नगररचनाकार लागतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर स्क्रीनसमोर बसून कुठे काय बिघडलं ते शोधणं हा माझा धंदा. त्यामुळे मी फक्त एका सवयीबद्दल बोलणार आहे. रोजच्या रस्त्यावर वेग कमी करायचा आणि समोर जे आहे ते नीट बघायचं, एवढीच ती सवय.

आमच्याकडे एखादी यंत्रणा बंद पडली की नवा मुलगा लगेच कोड बदलायला घेतो. अनुभवी माणूस आधी ‘लॉग’ वाचतो. लॉग म्हणजे यंत्रणेने स्वतःबद्दल लिहून ठेवलेली नोंदवही. कंटाळवाणी असते, पण बिघाडाचं उत्तर बहुतेक वेळा तिच्यातच असतं. शहरसुद्धा अशी नोंदवही लिहीत असतं. दगडावर, खांबावर, पाटीवर, नावांमध्ये. आपण तिच्या बाजूने रोज गाडी काढतो.

सोप्या उदाहरणापासून सुरू करू. आपल्या यवतमाळवरून जाणाऱ्या नागपूर-तुळजापूर महामार्गाचा नंबर काय? 361. हा आकडा पाटीवर आपण शेकडो वेळा पाहिला असेल. पण 361 च का? 2010 साली देशातल्या राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक दिले गेले, आणि त्यात एक पद्धत आहे. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या मुख्य रस्त्यांना विषम आकडे, उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम आकडे. तीन आकडी क्रमांक असेल तर तो फाटा असतो, आणि शेवटचे दोन आकडे त्याचा मुख्य रस्ता सांगतात. म्हणजे 361 हा 61 चा फाटा. हा 61 कल्याणकडून अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर), परभणी करत नांदेडला येतो आणि पुढे तेलंगणात जातो. आता पांढरकवड्याला जा. तिथून 44 जातो. सम आकडा, म्हणून उत्तर-दक्षिण: श्रीनगर ते कन्याकुमारी. पूर्वी त्याचाच बराचसा भाग 7 नंबरचा होता, जुने ट्रक ड्रायव्हर अजूनही ‘सात नंबर’ म्हणतात. रस्त्याकडेच्या दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग. हे कळायला कोणतंही ॲप लागत नाही, मान वळवावी लागते.

तुम्ही म्हणाल, कळलं तर काय झालं? खड्डा पडला तर तक्रार कुणाकडे करायची, हे त्या दगडाच्या रंगापासून सुरू होतं. नगरपरिषदेच्या दारात महामार्गाच्या खड्ड्यासाठी घोषणा देऊन काही होत नाही, आणि उलटंही होत नाही.

आता नावांकडे येऊ. आर्णी नाका, दारव्हा नाका असं आपण सहज म्हणतो. नाका म्हणजे जकात घ्यायची जागा. जकात गेली, शब्द राहिला. धामणगाव रोड हे नावही बघा. धामणगावला मुंबई-हावडा मार्गावरचं स्टेशन आहे, म्हणून या गावाला त्या रस्त्याचं महत्त्व. आपल्या गावातलं स्टेशन शकुंतलेचं. रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. नेहमीच्या ब्रॉडगेजला ते 1676 असतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने कापूस बाहेर नेण्यासाठी ही लाइन उभी केली. यवतमाळहून मूर्तिजापूरला, तिथून माल मोठ्या गाडीने मुंबईला. 1994 पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालली. आता गाडी बंद आहे. पण जुन्या जिनिंगच्या भिंती, गोदामं आणि स्टेशन यांचा नकाशा मनात जोडून बघा. या शहराचा एक मोठा भाग माणसाच्या सोयीने वाढला नाही, कापसाच्या गाठींच्या सोयीने वाढला, हे तुम्हाला रस्त्यांच्या वळणात दिसेल. 2024 मध्ये वर्धा ते कळंब ब्रॉडगेज सुरू झाली, पुढे ती यवतमाळवरून नांदेडला जायची आहे. ती आली की शहराचं तोंड पुन्हा एकदा दुसरीकडे वळेल. जुनं कसं होतं याची नोंद त्याआधी कुणीतरी करायला हवी ना?

आणि ‘यवतमाळ’ हे नाव? अबुल फझलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त ‘योत-लोहारा’ असा परगणा आहे. लोहारा म्हणजे शहराच्या पश्चिमेचं, आज एमआयडीसी आहे ते लोहारा. ‘यवत’ आणि ‘महाल’, म्हणजे महसुलाचा विभाग, यांचं मिळून यवतमाळ झालं असं गॅझेटिअर सांगतं. तहसील कार्यालयासमोर उभे राहून पाटी वाचा: तहसील, तालुका, जिल्हा. आत गेलात की अर्ज, दाखला, नकाशा, हद्द, मौजे, नझूल. अरबी-फारसीतून आलेले हे शब्द. शेजारीच ‘कार्यालय’, ‘अधिकारी’, ‘विभाग’. एकाच पाटीवर दोन्ही नांदतात आणि कुणाला काही वाटत नाही. कुणाचं किती, हा हिशेब मांडायला मी हे सांगत नाही. आपल्यातल्या अनेकांना कधी ना कधी ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असा प्रश्न विचारला गेला आहे. प्रश्न विचारणाऱ्यावर चिडण्यापेक्षा ती पाटी त्याच्यासोबत वाचावी. ती भाषा दोघांची आहे.

आता जरा अवघड भाग. बारकावे न दिसल्याने नुसतं ज्ञान हुकत नाही, माणसं जातात.

2017 च्या खरीप हंगामात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले, काहींच्या डोळ्यांवर परिणाम झाला. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर एक चौकोन असतो, टोकावर उभा केलेला. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. हे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या शहरात कृषी केंद्रांच्या रांगा आहेत. त्यांच्यासमोर आपण चहा पितो. तो चौकोन तुमच्यापैकी किती जणांनी पाहिला आहे? हात वर करा... चार. बरं.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. ‘लेबल वाचलं असतं तर वाचले असते’ असं म्हणणं क्रूर आहे. मजुरीने फवारणारा माणूस अनेकदा डबा पाहतच नाही, त्याच्या पाठीवर भरलेला पंप येतो. म्हणजे बघण्याची जबाबदारी त्याच्या एकट्याची नव्हे. ज्याला वाचता येतं, ज्याला थांबायला पाच मिनिटं आहेत, त्याची ती जास्त आहे. तुमचा मामा शेती करत असेल, चुलतभाऊ दुकानात बसत असेल, शेजारचा माणूस सकाळी मजुरीला जात असेल. त्यांना तो रंग दाखवा.

पाण्याचंही तसंच. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटले आणि सगळं शहर टँकरच्या मागे धावलं. प्रत्येक दारासमोर निळे ड्रम उभे होते. ते ड्रम अजून आहेत, आता त्यांच्याकडे लक्ष जात नाही. तुमच्या मोहल्ल्यात किती विहिरी होत्या? किती बुजवल्या, कितींवर स्लॅब पडला, कितींमध्ये कचरा आहे? मशिदीच्या वजूखान्यात किती नळ टपकतात? हे मोजायला निधी लागत नाही. एका टपकणाऱ्या नळाखाली बादली ठेवा आणि ती किती तासांत भरते ते लिहून काढा. तो आकडा घेऊन कमिटीकडे गेलात तर ‘पाणी वाचवा’च्या भाषणापेक्षा जास्त काम होईल.

बघण्यातून काम कसं होतं, याचं साधं सूत्र सांगतो. ‘आमच्या गल्लीत अंधार असतो’ ही कैफियत झाली. ‘मदरशाच्या कोपऱ्यापासून तिसरा खांब, खांबावरचा नंबर अमुक, दिवा तमुक तारखेपासून बंद’ ही तक्रार झाली. कैफियतीवर मान डोलावतात, तक्रारीची नोंद करावी लागते. रस्त्याचं काम झालं की बाजूला फलक असतो: कामाचं नाव, खर्च, ठेकेदार, देखभालीचा काळ. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत पाच वर्षं देखभाल ठेकेदाराकडेच असते. त्या फलकावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचं पोस्टर चिकटलेलं असेल तर ते काढून वाचा. आणि सरकारी कार्यालयात एक मोठा तक्ता असतो, ज्याखाली आपण रांगेत उभे असतो आणि मोबाइल बघतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 प्रमाणे कोणती सेवा, किती दिवसांत, कोण देणार आणि त्याने दिली नाही तर अपील कुणाकडे, हे त्यावर लिहिलेलं असायला हवं. दलालाला पैसे देण्याआधी तो तक्ता वाचा.

घरातही हेच करायचं आहे. आपल्या विदर्भात जुन्या शाळांच्या रजिस्टरमध्ये नावं कशी लिहिली आहेत, पाहिलंय? ‘शे.’, ‘अ.’, ‘मो.’. गुरुजींनी जागा वाचवली. आता तोच ‘शे.’ आधारवर ‘शेख’ आहे, रेशन कार्डावर ‘शेक’, मतदार यादीत आणखी काही. एका अक्षराने शिष्यवृत्ती अडकते, पेन्शन अडकते, कधी नागरिक म्हणूनच उत्तर द्यायची वेळ येते. आजीची सगळी कागदपत्रं एका रात्री समोर मांडा आणि प्रत्येकावरचं नाव एका वहीत जसंच्या तसं उतरवा. चूक सापडली तर अडचणीच्या दिवसाआधी सापडलेली बरी.

एक आक्षेप मी स्वतःच घेतो. ‘थांबा, बघा’ म्हणणं सोपं आहे. पण थांबणं सगळ्यांना सारखं परवडत नाही. इथे बसलेल्या मुलींना विचारा. एखादा मुलगा चौकात अर्धा तास विनाकारण उभा राहू शकतो. मुलगी उभी राहिली की दहा नजरा विचारतात, ही कुणाची वाट बघते? शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांबद्दल ‘व्हाय लॉइटर’ हे पुस्तक लिहिलं, 2011 साली. काही काम नसताना रस्त्यावर रेंगाळता येणं हाही नागरिकाचा हक्क आहे, हा त्याचा मुद्दा. आपल्या मुलांचीही वेगळी अडचण आहे. चार दाढीवाली पोरं कोपऱ्यावर वही घेऊन काही टिपताना दिसली तर कुणीतरी शंका घेईल. ही भीती खोटी नाही. म्हणून दोघा-तिघांनी मिळून जा, मुला-मुलींचा मिश्र गट करा, शेजारच्या वस्तीतल्या मित्राला सोबत घ्या, दुकानदाराला आधी सलाम-नमस्कार करून काय करतोय ते सांगा. विचारपूस केली की लोक खुर्ची देतात, चहा देतात, आणि तुम्ही न विचारलेल्या चार गोष्टी सांगतात. माझ्या अनुभवात जुन्या शहराची सर्वांत चांगली माहिती सायकल दुरुस्तीवाल्याकडे आणि शिंप्याकडे असते. ते एका जागी बसून तीस-तीस वर्षं रस्ता बघत असतात.

जॉर्ज पेरेक नावाचा फ्रेंच लेखक 1974 च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या एका चौकात तीन दिवस बसला आणि जे दिसलं ते लिहीत गेला. बस गेली, कबुतरं उडाली, बाई पिशवी घेऊन गेली. त्याचं पुस्तक झालं. आपल्याला पुस्तक करायचं नाही. पण तीन दिवसांऐवजी तीस मिनिटं द्यायला हरकत नाही.

तर गृहपाठ. येत्या रविवारी आपल्या घरापासून दोनशे पावलं. पायी. फोन खिशात, वही हातात. फोटो काढायचे नाहीत, कारण फोटो काढला की डोळे काम सोडतात. पाच रकाने आखा: बंद दिवे आणि खांबांचे नंबर, पाण्याच्या जागा, चालू आणि मेलेल्या, व्हीलचेअर किंवा म्हातारा माणूस जिथे अडेल त्या जागा, झाडं, नावासह, नाव माहीत नसेल तर विचारून, आणि पाचवा, अशी एक गोष्ट जी इतकी वर्षं तिथे होती आणि तुम्ही पाहिली नव्हती.

पुढच्या बैठकीला वह्या घेऊन या. पहिल्या तीन रकान्यांचा एकत्र तक्ता करून आपण नगरपरिषदेला आणि वीज कंपनीला पोहोच घेऊन देऊ. चौथा तक्ता शाळांना देऊ. पाचवा रकाना मात्र एकमेकांना वाचून दाखवू. त्यासाठी बैठकीत एक तास राखून ठेवला आहे.